गोलरक्षकाचा गुरुवार

तुळजापूरच्या डोंगरावर वास करणाऱ्या जगदंबेला आणि या महिन्यावर ज्याचा पहिला हक्क, त्या गजाननाला नमस्कार करून हे चार शब्द लिहावयास बसलो आहे. निमित्त भाद्रपदाचे. उडीद निघू लागला, की आमच्या परंड्याच्या वाऱ्याला एक कोरडा, किंचित कडवट वास येतो. लोक अंगणात, ओट्यावर, थेट सडकेवरसुद्धा उडदाचे वेल पसरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांकडून मळणी करून घेतात. शेंगा तडतडतात, टरफले उडतात, आणि त्या वासासरशी माझ्या कानांत चेंडूवर बसलेल्या लाथेचा आवाज उमटतो. ज्याने उभे आयुष्य शब्दरूपे आणि धातुरूपे शिकविण्यात घालविले, त्याला भाद्रपदात फुटबॉल आठवावा, याचे ऐकणाऱ्याला हसू येईल. मलाही पुष्कळ वर्षे येत असे. यंदा आले नाही.

त्या संघाचे नाव मी लिहिणार नाही. ज्याने स्वतःचेच नाव टाकून दिले, त्याचे नाव आपण का धरून ठेवावे? इतकेच सांगतो, की रेल्वेच्या वाटेवरील एका मोठ्या शहरात तो व्यावसायिक संघ नव्याने उभा राहिला होता, आणि पहिल्या वर्षी त्याला ना स्वतःचे मैदान होते, ना प्रेक्षक. श्रावण-भाद्रपदात तिकडची मैदाने तळी होऊन जात. सरावासाठी कोरडी जमीन हवी होती. आमच्या महाविद्यालयातील क्रीडाशिक्षकांची त्या संघाच्या प्रशिक्षकांशी जुनी ओळख. त्यांनी कळविले, की आमच्याकडे या, किल्ल्यालगत मुरमाड मैदान आहे आणि पाऊस तर आम्हीच शोधत असतो. अशा रीतीने, ज्या अवर्षणापायी आमच्याकडे कोणी मुलगी द्यायला कचरे, त्याच अवर्षणाच्या कीर्तीवर एक अख्खा फुटबॉल संघ आमच्या गावी उतरला.

खंदकाच्या अंगाने ती मुले पहाटे धावत. किल्ल्याच्या बुरुजावर बसून गावातील निवृत्त मंडळी त्यांना पाहत. खेळाचे नियम आम्हांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. एवढेच कळत होते, की ही कोठकोठून आलेली मुले आहेत, एकमेकांची भाषाही त्यांना नीट येत नाही, आणि चेंडू मात्र ती एकमेकांना न बोलता देतात. शब्दाचा अर्थ शब्दाआधीच पोहोचावा, असे ते होते.

आणि मग त्यांची चूल विझली. ज्या खानावळवाल्याने जेवण कबूल केले होते, त्याच्या घरी मृत्यू झाला; सुतक लागले, खानावळ बंद. संघाचे व्यवस्थापक शिवलिंगअप्पांच्या दुकानाच्या पायरीवर डोके धरून बसले. शिवलिंगअप्पा म्हणजे माझे बालमित्र. मोटारपंप, नांगराचे फाळ, दोरखंड असा त्यांचा व्यापार. मूळ घर कर्नाटकच्या सीमेवरचे, त्यामुळे संतापले की अर्धे वाक्य कानडीत.

"गाडी मागवतो परतीची," व्यवस्थापक म्हणाले. "उपाशी मुलांना पळवता येत नाही."

मी सहज बोलून गेलो, "वार लावा त्यांचे."

आजच्या वाचकाला हे सांगावे लागेल. आमच्या पाठशाळेच्या काळी निर्धन विद्यार्थी वार लावून जेवीत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरे मिळाली, की त्याचा आठवडा भरला. मी स्वतः असाच जेवून शिकलो. ते अन्न भिक्षेचे नसे आणि पाहुणचाराचेही नसे. पाहुणा केव्हाही येतो, केव्हाही जातो. वाराच्या मुलाचा दिवस ठरलेला असे आणि त्या दिवशी त्या घरावर त्याचा अधिकार असे. तो आजारी पडला तर घरातील माणूस डबा घेऊन शोधत जाई.

शिवलिंगअप्पांनी हिशेबाने माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, ही काय शेंडीवाली बारकी पोरं हायती व्हय? एकेक गडी टोपलं रिकामं करील की."

"मग तुम्ही नका घेऊ."

"घेत न्हाय कुनी म्हनलं? मंगळवार आमचा. पर जरा बारीक अंगाचा बगून द्या."

त्यांच्या वाट्याला बचावफळीतील सर्वांत आडदांड गडी आला. अप्पांच्या घरच्यांनी त्याला पहिल्याच मंगळवारी एवढे वाढले, की बुधवारी सकाळी तो खंदकाच्या कडेला बसून राहिला आणि प्रशिक्षकांनी अप्पांना बोलावून घेतले. आठवड्याभरात गावात वारांसाठी चढाओढ लागली. जवळच्या ईट गावचे एक शेतकरी बाजाराला येत. त्यांनीही हट्टाने एक रविवार मागून घेतला आणि गावातल्या आपल्या मेहुण्याच्या घरी दर रविवारी खव्याचे भांडे घेऊन ते हजर होऊ लागले. पुढे खानावळवाल्याचे सुतक फिटले, चूल पेटली. परंतु वार सोडावयास कोणीही तयार होईना.

आमच्या घरी गुरुवार होता आणि गुरुवारी गोलरक्षक येई. अँथनी त्याचे नाव. गोव्याचा, ख्रिस्ती, मासळीवर वाढलेला. आमचे घर सोवळ्याचे आणि गुरुवार तर दत्ताचा. मी मनात चाचरत होतो, तोच माझी पत्नी, जिला सारे गाव माई म्हणते, ती म्हणाली, "वार दिला की तो घरचा झाला. घरच्याला कुळ कोण विचारतं?" विषय तेथेच संपला. पहिल्या दिवशी त्याने येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी भुरकली, डोळे मिटले आणि मान हलविली.

"माई, आनीक नाका," तो म्हणे.

"नको म्हणायचं आणि वाटी पुढं करायची. तुझं हे मैदानावर चालतं का रे? चेंडू नको नको म्हणतोस आणि धरतोस?"

तो हसे. त्याला अर्धे कळे. उरलेले अर्धे माई वाढून पुरे करी. आमचा मुलगा शिक्षणासाठी दूर गेलेला होता आणि त्याची पत्रे पातळ होत चालली होती. गुरुवारी सकाळपासून माईच्या बांगड्यांचा आवाज निराळा असे, हे मी तेव्हाच ओळखले होते.

मग सामने सुरू झाले. आमची मंडळी पहिल्या गाडीने कुर्डुवाडीला जात आणि तेथून रेल्वेने शहराकडे. सिमेंटच्या उघड्या पायऱ्या होत्या. उत्तरेकडच्या कोपऱ्यात आम्ही बसत असू. खेळाडूंची नावे आमच्या तोंडी कधी बसलीच नाहीत. आम्ही त्यांना वारांनी हाका मारत असू.

"मंगळवार, पळ रं!"

"बुधवार, हिकडं दे, हिकडं!"

घोटाळा असा, की प्रत्येक खेळाडू सात घरी जेवलेला. जो अप्पांचा मंगळवार, तोच दुसऱ्या कोणाचा शनिवार. एकाच मुलाला सात दिशांनी सात नावांनी हाक जाई आणि तो बिचारा सगळ्या हाकांना ओळखे. शहरातले एक गृहस्थ एकदा मागे वळून म्हणाले, "काय हो, मॅच बघताय की पंचांग वाचताय?"

शिवलिंगअप्पा थंडपणे म्हणाले, "पंचांगच वाचतोय. आज तुमची आमवशा हाय."

अमावस्या आमचीच निघाली. आम्ही चार गोलांनी हरलो. त्या पहिल्या दोन वर्षांत आम्ही बहुतेक हरतच होतो. आणि तरी मला आज सर्वांत अधिक आठवतात ते पराभवच. सामना संपला, की मुले मान खाली घालून आमच्या कोपऱ्याकडे येत. कठड्याच्या पलीकडून आम्ही डबे पुढे करीत असू. त्या दिवशी ज्या घराचा वार असेल, त्या घरचा डबा. घाम आणि माती यांनी माखलेली ती मुले पायरीवर बसून भाकरी खात आणि रिकाम्या मैदानावर सावल्या लांबत जात. कोणी कोणाचे सांत्वन करीत नसे. जेवणाऱ्याजवळ नुसते बसून राहावे, एवढेच आम्ही करीत होतो. देवळात नैवेद्य दाखवून डोळे मिटल्यावर जी स्वस्थता लाभते, तिच्या जवळची स्वस्थता मला त्या पायऱ्यांवर लाभली आहे. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

जिंकायला लागल्यावर सारे बिघडले, असे अप्पा म्हणतात. मला ते खरे वाटत नाही. विजयाने कोणाचे वाईट होत नसते. परंतु विजयाबरोबर खरेदीदार आले. संघ एका धनिकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला. पायऱ्यांवर खुर्च्या आल्या, त्यांना आकडे आले. आमचा कोपरा अभ्यागतांसाठी राखून ठेवण्यात आला. त्यांतील एकालाही मी कधी सामन्याच्या शेवटापर्यंत बसलेला पाहिला नाही. एका गुरुवारी प्रवेशद्वारावरील रखवालदाराने माईच्या हातचा डबा उघडून पाहिला आणि परत केला.

"बाहेरचं अन्न आत चालत नाही."

"बाहेरचं न्हाय वो," अप्पा त्याला समजावून सांगत होते, "घरचं हाय. घरचं."

रखवालदार तरुण होता, उद्धट नव्हता. त्याने दोन वेळा "आजोबा, नियम आहे" म्हटले. आम्ही तो डबा घेऊन रेल्वेच्या फलाटावर बसलो आणि तो तसाच भरलेला घरी परत आणला.

पुढल्या वर्षी संघ त्या शहरातूनही गेला. दूरच्या एका शहराने त्याला नेले. नाव बदलले, रंग बदलला, कपड्यांवरचे चिन्ह बदलले. मुले त्याआधीच पांगली होती. अँथनी नव्या नावासोबत गेला, असे वर्तमानपत्रात वाचले. त्याचा राग आम्हांला कधी आला नाही. नोकरीचा माणूस, मालक नेईल तेथे जाणार. परंतु त्यांच्यापैकी एकही जण वार सोडून गेला नाही, हे मात्र सर्वांना लागले.

वार सोडण्याचीही एक रीत होती. विद्या पूर्ण झाली, की विद्यार्थी प्रत्येक घरी जाई, शेवटचे जेवण जेवी, यजमानीणबाईंना नमस्कार करी. त्या त्याच्या तळहातावर दही घालीत आणि तो वार सुटे. मग ते घर दुसऱ्या मुलासाठी मोकळे. जो न सांगता जाई, त्याचा वार बांधलेला राही. त्या दिवशीचे पान दुसऱ्या कोणाला वाढीत नसत. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना हे कोठून ठाऊक असणार? आम्ही त्यांना सांगितले नव्हते, कारण ती जातील असे आमच्या मनातच आले नव्हते. पगारावर खेळणाऱ्यांना आम्ही विद्यार्थी समजून बसलो. एवढी भाबडी चूक माझ्या मते फक्त आमच्या गावानेच केली असती.

इतर घरांनी हळूहळू वार मनातून काढून टाकले. ईटच्या गृहस्थांनी खवा मुलीच्या घरी न्यावयास आरंभ केला. शिवलिंगअप्पा मंगळवारी उगाच दुकान लवकर बंद करीत. पुढे तेही थांबले. माई मात्र दर गुरुवारी प्रथम एक वाटा वेगळा काढी, मग मला वाढी, आणि स्वतः दुपार कलेपर्यंत जेवत नसे. तो वाटा संध्याकाळी गाईला जाई. मी एकदा म्हणालो, "आता येणार आहे का तो?" ती म्हणाली, "येईल न येईल. त्यानं सोडला नाही तोवर मी कशी खाऊ त्याच्या आधी?" अशी सारी वर्षे गेली. आमचा मुलगा आता परदेशात असतो. माईचे गुडघे गेले, डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली. गुरुवार तेवढा चालू राहिला.

यंदा श्रावण संपता संपता दूरध्वनी आला. एक तरुण बाई बोलत होती. संघाच्या नव्या नावाला आता बरीच वर्षे झाली आहेत म्हणे. त्यानिमित्त सुरुवातीच्या काळातील चाहत्यांच्या आठवणी चित्रित करावयाच्या आहेत. अँथनी आता संघाच्या प्रसिद्धीचे काम पाहतो. तो स्वतः येणार आहे. कोणता दिवस सोयीचा?

माईने माझ्या हातातून यंत्र घेतले. "गुरुवार. दुसरा कुठलाही नको."

ते ठेवल्यावर ती भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "जेवून उठला की त्याला विचारते. ठेवायचाय का सोडायचाय. तो म्हणेल तसं. पण एकदा विचारून घेते."

मी जाऊन अप्पांना हे सांगितले. ते आता दुकानात नुसते बसतात. कारभार सुनेकडे आहे. ते म्हणाले, "इकून टाकलं तवा आमाला कुनी इचारलं न्हाय. आता आटवनी इचारायला यायलेत व्हय? मी न्हाय बोलनार त्या फोटूच्या डब्याम्होरं."

"माईसाठी तरी या."

"माईसाठी यीन. बोलनार न्हाय."

तो गुरुवार उजाडला. मोलकरीण होती, तरी माईने तिला भाकरीला हात लावू दिला नाही. शेगडीपुढे उंच पाटावर बसून, मधून मधून गुडघा दाबीत, तिने सारे स्वतः केले. येसर दोन दिवस आधी नव्याने भाजून ठेवला होता. दुपारी दोन मोठ्या गाड्या दारात थांबल्या आणि त्यांतून दिवे, छत्र्या, तारांची भेंडोळी उतरली. शेवटी तो उतरला. केस पांढरे झालेले, अंग भरलेले. हसणे मात्र तेच. वाकून त्याने आम्हां दोघांच्या पायांना हात लावला. "माई, बरी आसा मगे?" म्हणाला. माईने त्याच्या तोंडावरून हात फिरविला. त्या क्षणी मला वाटले, की इतक्या वर्षांची आमची वाट पाहणे अगदीच व्यर्थ नव्हते.

मग चित्रण सुरू झाले. ती तरुण बाई मनाने वाईट नव्हती. तिला फक्त घाई होती. "माई, तुम्ही आधी जसं वाढायचात तसंच वाढा." माईने वाढले. "सावली पडली. पुन्हा एकदा." माईने ताट उचलून पुन्हा वाढले. "आता वाढताना त्यांच्याकडे बघून हसा." आमटी निवत चालली होती. अँथनीने भाकरीचा तुकडा मोडला, वाटीत बुडविला, तोंडाशी नेला. "छान, झालं," असे बाई म्हणताच त्याने तो तुकडा ताटाच्या कडेला परत ठेवला आणि रुमालाने बोटे पुसली.

"जेव ना रे," माई म्हणाली.

"वाटेर जेवलों, माई." तो ओशाळून हसला. "सगळ्यांवांगडा. हॉटेलात." सगळ्यांबरोबर वाटेतच जेवून आला होता तो. "आणि ह्यांना उजेड असताना किल्ल्यावर जायचं आहे."

असे म्हणून तो पानावरून उठला.

ओट्याच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या शिवलिंगअप्पांनी तोंड फिरविले. मी माईकडे पाहिले. विचारायचे म्हणून जो प्रश्न तिने जपला होता, तो ती आता विचारील, याची मी वाट पाहत होतो. तिने विचारला नाही. भिंतीला धरून ती उठली, आत गेली आणि दह्याची वाटी घेऊन आली.

"हात पुढं कर."

त्याने केला. तिने त्याच्या तळहातावर चमचाभर दही घातले. "जा बाबा," ती म्हणाली, "सुखी राहा. तुझा वार सुटला."

त्याला अर्थ कळला नाही. लहान मुलासारखे त्याने दही चाटले आणि पुन्हा तिच्या पाया पडला. त्या तरुण बाईला मात्र ते फार आवडले. "हे किती सुंदर होतं! माई, हे पुन्हा एकदा कराल? कॅमेरा बंद होता."

"न्हाय करनार," अप्पा खांबाजवळून म्हणाले. सबंध दुपारभरातील तेवढेच त्यांचे शब्द.

माईने वाटी खाली ठेवली. "नाही गं बाई," ती शांतपणे म्हणाली. "हे एकदाच करायचं असतं."

गाड्या किल्ल्याकडे गेल्या. ते चित्रण पुढे कोठे दाखविले गेले, त्यात आमचे घर आहे की नाही, मी चौकशी केलेली नाही. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ ग्रंथ वाचले, अतिथीच्या धर्माविषयी मुलांना शिकविले. परंतु भरल्या पोटाने जो घरी येतो, त्याला काय वाढावे, हे मला कोठे वाचल्याचे आठवत नाही. दोष त्या मुलाचाही म्हणवत नाही. जेथे आठवणसुद्धा वेळापत्रकात बसवून न्यावयाची असते, तेथे भुकेला जागा कोठून उरणार? ज्यांनी संघ विकत घेतला, त्यांनी त्याचे हरणे, त्याची भूक आणि त्याची सारी सुरुवात विकत घेतली आहे, अशी त्यांची समजूत असावी. ती समजूत खोडण्याचे सामर्थ्य आता माझ्यात नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी माईने मला जेवावयास हाक मारली. दोनच पाने मांडलेली होती. वेगळा वाटा काढलेला नव्हता. ती माझ्याबरोबर, माझ्याच वेळेला जेवावयास बसली. आमटीत मीठ थोडे कमी आहे, असे म्हणाली, आणि आम्ही दोघे जेवलो.

हे वाचणाऱ्या सज्जना, जगदंबा तुमची चूल पेटती ठेवो. तुमची लेकरे जेथे असतील तेथे त्यांना ठरल्या दिवशी ताट मिळो. आणि तुम्ही ज्याला प्रेमाने वाढाल, तो तुमच्या उंबऱ्यात भुकेला येवो व तृप्त होऊन उठो. इति शुभं भवतु.